छताचं काम

"पंचवीस एप्रिल सोडून दुसरं काय बी बोला, धनपाल," असं म्हणत भोजेशेटनी माझ्या टेबलावर लग्नपत्रिकेचा नमुना ठेवला. पत्रिकेवर तारीख छापलेली होती, मुहूर्त छापलेला होता, फक्त लग्नाच्या ठिकाणावर पेनानं काट मारलेली होती.

"तेवढं सोडून बाकी सगळं जमतंय," मी म्हणालो. "पंचवीसला हितं जिल्ह्याची फायनल हाय. कबड्डीची."

"मग ती मैदानात घ्या की. लग्न मैदानात घेऊ म्हंता काय?"

भोजेशेट सुताचे व्यापारी. त्यांच्या मुलीचं लग्न ज्या कार्यालयात ठरलं होतं तिथली बोअर आटली होती आणि मालकानं आठ दिवस आधी हात वर केले होते. भर लग्नसराईत, आठ दिवसांत, इचलकरंजीत हजार माणूस बसेल असा दुसरा हॉल कुठून मिळणार? माणूस पार घाबरला होता. सुताच्या गाठीमागं चार आण्यांसाठी घासाघीस करणारा हा गृहस्थ मला दुप्पट भाडं देऊ म्हणाला, तेही सगळं आजच्या आज. उद्या सांगतो असं म्हणून मी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं.

हॉल माझा नव्हता. हॉल अण्णांचा. अण्णा म्हणजे आदगोंडा मगदूम, मगदूम सायझिंगचे मालक आणि आमच्या हातमाग गल्ली कबड्डी संघाचेही मालक. सायझिंग म्हणजे मागावर चढवण्याआधी सुताला खळ लावायचा कारखाना. त्यात अण्णांनी तीस वर्षं पैसा मिळवला, आणि तो सगळा पद्मावती क्रीडागृहात घातला. पद्मावती त्यांच्या आईचं नाव. नगरपालिकेचा रुपया नाही, कुठल्या आमदाराचा निधी नाही. पायापासून पत्र्यापर्यंत सगळं एकट्याच्या खिशातून. आपल्या संघाला ऊनपाऊस न लागता खेळायला हक्काचं घर असावं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

संघ पाळणं तसं सोपं असतं. बनियन, दूध, केळी, एसटीचं भाडं आणि जिंकल्यावर मटणाचं जेवण. आमच्यासारख्या जैन मालकाच्या संघाला तेही शेजारच्या घरात. पण क्रीडागृह पाळायचं म्हणजे हत्ती दारात बांधणं. कुणी खेळो न खेळो, विजेचं बिल येतं. वळवाच्या वाऱ्यात पत्रे उचकटतात. घरपट्टी व्यापारी दरानं लागते, कारण सरकारदरबारी तो धंदा असतो. आणि उत्पन्न म्हणाल तर आमच्याकडं कबड्डी फुकट बघायची असते. पहिल्या वर्षी आम्ही एका सराव सामन्याला वीस रुपये तिकीट लावून पाहिलं. लोक बाहेर रस्त्यावर उभे राहून लाउडस्पीकरवर गुण ऐकत बसले आणि आवाज बारीक होता म्हणून दुसऱ्या दिवशी मलाच शिव्या घातल्या.

मग लग्नं आली. आमच्याकडं कबड्डीचा मोसम आणि लग्नाचे मुहूर्त एकाच वेळी येतात, आणि दोन्हींतलं एक पैसे देतं. अण्णांनी आधी नदीकाठचं शेत विकलं, मग सायझिंगची दोन मशिनं विकली, आणि तरी भागेना तेव्हा मान खाली घालून लग्नांना होकार दिला. पोरं पहाटे पाच ते सात मॅटवर सराव करायची. साडेसातला आचारी यायचे, की मॅट गुंडाळून जिन्याखाली. मॅटच्या एका कोपऱ्यावर आमटीचा पिवळा डाग होता, तो शेवटपर्यंत गेला नाही. सहा वर्षांत त्या घरात आमच्या संघाचा एकही खरा सामना झाला नाही. गाव त्याला पद्मावती कार्यालयच म्हणायचं. कुणी अण्णांसमोर 'कार्यालय' म्हटलं की ते "क्रीडागृह" अशी दुरुस्ती करायचे, आणि समोरचा "तेच ते" म्हणायचा.

मी या संघाचा जुना चढाईपटू. एका पकडीत खांदा निखळला तो धड बसलाच नाही, तेव्हा अण्णांनी मला उचलून इथं आणलं. पहाटे मी पोरांना खेळ शिकवायचो आणि दिवसा हॉलची कामं बघायचो. अण्णांचा माझ्यावर एवढा भरवसा की दहा-दहा कोऱ्या लेटरहेडवर सह्या करून ते माझ्या खणात ठेवायचे, म्हणजे पावत्या-पत्रांसाठी मला सायझिंगला हेलपाटा नको.

त्या साली संघ अंतिम फेरीत गेला. खरं सांगायचं तर इर्शाद मोमीन अंतिम फेरीत गेला आणि बाकीच्यांना बरोबर घेऊन गेला. बावीस वर्षांचं पोरगं, यंत्रमागावर कामाला, अंगानं किडकिडीत, पण चढाईला गेलं की समोरच्या सातजणांना आपण पाहुण्याच्या घरात उभे आहोत असं वाटायचं. राज्याच्या संघाची निवड समिती फायनल बघायला येणार होती. इर्शादला तिथं खेळायचं होतं, आणि अण्णांना तो आपल्या छताखाली खेळताना बघायचा होता. म्हणून त्यांनी जिल्हा संघटनेकडून यजमानपद मागून घेतलं.

ज्या दिवशी ते मिळालं त्या पहाटे अण्णा सरावाला आले. चपला काढून मॅटवर बसले, पोरं भोवती बसली.

"पंचवीसला आपण घरात खेळायचं," अण्णा म्हणाले. "सा वर्सं तुमाला पहाटं उठवून आचाऱ्याच्या आधी बाहेर काढलं. ह्या बारीला न्हाई. ह्यात फिरलो तर मला मालक म्हणू नगा."

कप्तान बसवराज कोरे थट्टेखोर. तो म्हणाला, "अण्णा, त्या दिवशी आमटी तरी मिळंल न्हवं?" सगळे हसले, अण्णाही हसले. इर्शाद मात्र उठून भिंतीपाशी गेला आणि रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा बघत उभा राहिला.

आता एक गोष्ट पोरांना माहीत नव्हती, ती फक्त अण्णांना आणि मला माहीत होती. पतसंस्थेची नोटीस आलेली होती. तीस एप्रिलपर्यंत थकलेले हप्ते भरले नाहीत तर क्रीडागृहाला कुलूप. भोजेशेटचं दुप्पट भाडं आणि थकलेले हप्ते यांत उणंपुरं चहापाण्याचं अंतर होतं.

भोजेशेट येऊन गेले त्या संध्याकाळी मी सायझिंगवर गेलो. अण्णा खळीच्या हौदापाशी उभे होते. मी भोजेशेटचं नाव घेतलं नाही. नुसतं विचारलं, "अण्णा, समजा पंचवीसला कुणी चांगलं भाडं दिलं तर?"

"तर न्हाई म्हणायचं."

"आणि तीस तारखंला?"

"तीसला कुलूप लागंल." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "लागू दे. पन त्याच्या आधी एकदा आत खेळ झालेला आसंल. धनपाल, मी हे घर लग्नं लावायला बांधलं न्हाई. एकदा, फकस्त एकदा तिथं खेळ बघायचाय. मग न्या म्हणावं."

यापेक्षा स्पष्ट कुणी काय बोलणार? पण घरी जाता जाता मी त्याचा वेगळाच अर्थ लावत गेलो. अण्णा हळवे झालेत, मी स्वतःशी म्हणालो. एका संध्याकाळच्या हौसेपायी आयुष्याची कमाई घालवणार, आणि मे महिन्यात डोकं धरून बसणार. त्यांना यातून वाचवायचं तर कुणीतरी शहाणं माणूस हवं, आणि ते शहाणं माणूस मीच आहे असं मी ठरवून टाकलं. त्यात माझा स्वार्थ नव्हता असं म्हणणार नाही. हॉलला कुलूप म्हणजे माझ्या पगाराला कुलूप. एकेचाळीस वर्षांच्या, निखळलेल्या खांद्याच्या माणसाला दुसरं कोण ठेवणार होतं? पण तेव्हा हा विचार मी स्वतःलासुद्धा मोठ्यानं सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी भोजेशेटकडून पैसे घेतले. मग खण उघडला, अण्णांची सही असलेलं एक कोरं लेटरहेड काढलं आणि सहीच्या वर टाइप केलं: क्रीडागृहाच्या छताचे काम तातडीने निघाल्याने अंतिम सामना आत घेणे शक्य नाही, पर्यायी मैदान आम्ही तयार करून देऊ. शिक्का मारला. पत्र संघटनेचे सचिव लाटकर सर यांच्या घरी नेऊन दिलं. सर म्हणाले, "अरेरे, अण्णांची केवढी इच्छा होती." मी म्हणालो, "व्हय की."

आणि अण्णांना जाऊन सांगितलं की संघटनेनं सामना हलवला.

"का?"

"आत हजारच माणूस मावतंय. फायनलला चार-पाच हजार येतंय. पोलीस न्हाई म्हंत्यात."

अण्णांनी फोन जवळ ओढला. "लाटकर सरांना इचारतो."

"नगा अण्णा," मी म्हणालो. "आत्ता भांडलासा तर निवड समितीसमोर त्याचा राग पोरांवर काढतील. इर्शादचं नुकसान हुईल."

इर्शादचं नाव घेतल्यावर त्यांनी फोन परत ठेवला. ते नाव घेतल्यावर ते ठेवतील हे मला माहीत होतं म्हणूनच मी ते घेतलं होतं. चौदा वर्षं झाली. त्या फोनवरून मागं आलेला त्यांचा हात मला अजून दिसतो.

"पोरांना मी सांगतो," मी म्हणालो.

"न्हाई. शब्द मी दिलाय."

दुसऱ्या पहाटे ते आले आणि उभ्याउभ्याच पोरांना म्हणाले की पोलिसांमुळं संघटनेनं सामना हलवला, माझं काही चाललं नाही. पोरांनी समजून घेतलं. बसवराज तर म्हणाला, "असू द्या अण्णा, फुडल्या वर्सी." दोन दिवसांनी, आता दिवस मोकळाच आहे तर भोजेशेट लग्नाला मागताहेत असं मी अण्णांना सांगितलं. "दे," एवढंच म्हणाले. हप्ते भरले गेले. मला त्या रात्री गाढ झोप लागली, हे कबूल करायला आज लाज वाटते.

पर्यायी मैदान म्हणजे शाळेचं मातीचं पटांगण. मैदान मीच तयार करणार होतो, आणि त्याची मला चिंता नव्हती. मातीत तर आम्ही वाढलो. माती चाळायची, खडा वेचायचा, आदल्या दिवशी सकाळी पाणी मारायचं, ते आतवर मुरू द्यायचं, संध्याकाळी रोलर फिरवायचा. म्हणजे दुसऱ्या दिवशी मैदान भाकरीच्या पिठासारखं घट्ट आणि मऊ राहतं. माती चाळली, खडे वेचले. पण आदल्या दिवशी सकाळीच भोजेशेटचे मांडववाले आले. त्यांना खांब गाडायला फरशी फोडायची होती, त्यांच्याशी भांडण्यात दुपार गेली. मग जनरेटर बिघडला, मग वऱ्हाडाच्या खोल्यांचं पाणी. मैदानावर पाणी मारायला मी सामन्याच्या दिवशी सकाळी अकराला पोचलो. एप्रिलचं ऊन. पाणी मारलं, लगेच रोलर फिरवला. चारच्या सुमारास हात लावून पाहिलं तर वरून छान सुकलं होतं. बोट खाली रुतवून बघायला हवं होतं. मैदान करणारा कुठलाही जुना माणूस बोट रुतवून बघतो. मला लग्नाकडं परत जायचं होतं, पंगती सुरू होत्या.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. मातीत वाढलो ते आम्ही. ही पोरं मॅटवर, बूट घालून तयार झाली होती. मीच तयार केली होती.

सामन्याआधी इर्शाद मैदानाच्या कडेला अनवाणी बसला होता. पायाची बोटं हलवून बघत होता.

"धनपालदा, मातीत पाय वळवताना टाच उचलायची का टेकवायची वो?"

"अरं, इचार करू नगंस. आमी काय बूट घालून खेळलोय काय कधी?"

"तसं न्हवं. बोनसला पाय टाकून मागं वळताना बूट धरतोय आमाला. हितं काय धरंल?"

"माती धरती," मी म्हणालो. "मातीसारखं काय धरत न्हाई."

तो हसला. मैदानात उतरताना त्यानं माती कपाळाला लावली. मॅटवर खेळणारी पोरं हे करत नाहीत. आम्ही करायचो, ते त्यानं माझ्याकडं बघून उचललं होतं.

पहिला डाव आमचाच होता. माणूस झाडांवर बसला होता, शाळेच्या पत्र्यांवर बसला होता. निवड समितीतले दोघं लाटकर सरांच्या शेजारी खुर्च्यांवर होते, आणि त्यांच्या पलीकडं अण्णा, पांढरी टोपी घालून. दोन घरं पलीकडून भोजेशेटचा बँड ऐकू येत होता. पद्मावती क्रीडागृह शाळेपासून हाकेच्या अंतरावर होतं, हे मी सांगायचं विसरलो. मी पाण्याची बादली घेऊन कडेला उभा होतो.

दुसऱ्या डावात शेवटची सहा मिनिटं राहिली असताना गुण बरोबरीत आले. इर्शाद चढाईला गेला. कबड्डी, कबड्डी, तो नेहमी हळू म्हणायचा, समोरच्याला झोप येईल असं. डावीकडं झुकला, दोघं सरकले, आणि त्यानं बोनस रेषेपलीकडं पाय टाकला. टाकला तो बरोबर टाकला. मग वळला. वरची सुकलेली पापडी त्याच्या टाचेखाली फुटली, आतला चिखल सरकला, पाय तिथंच राहिला आणि गुडघा वळला. आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

तो पडला. आणि पडल्यावरही म्हणत राहिला. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. परक्या अंगणात उताणा पडून, डोळे मिटून, म्हणत राहिला; कारण दम सोडला तर बाद, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. समोरच्या सातांतल्या एकानंही त्याला हात लावला नाही. सगळे मागं सरले. चार हजार माणसं गप्प झाली आणि त्या पटांगणात फक्त त्याचा बारीक होत गेलेला आवाज राहिला, आणि पलीकडचा बँड. पंचांनी शिट्टी मारली तेव्हा तो थांबला. मग किंचाळला.

जीप आली, त्याला नेलं. सामना पुन्हा सुरू झाला आणि आम्ही पाच गुणांनी हरलो. त्याचं कुणाला काहीच वाटलं नाही.

सामना संपल्याबरोबर बसवराज घामानं निथळत लाटकर सरांसमोर जाऊन उभा राहिला. मागं सगळी पोरं. मीही बादलीसकट मागं.

"सर, का हलिवला सामना?" तो म्हणाला. "आत आसता तर हे झालं नसतं. सा वर्सं ह्या पायांनी माती बघितल्याली न्हाई. पोलिसास्नी सांगून आमी मान्सं बाहेर थांबवली असती."

"पोलीस?" लाटकर सर गोंधळले. "पोलिसांचा काय संबंध? तुमच्याच क्रीडागृहाचं पत्र आलं. छताचं काम निघालं म्हणून." त्यांनी फायलीतून कागद काढला.

"छताचं काम?" बसवराजनं बँडच्या दिशेनं हात केला. "आत लगीन चाललंय, सर! छताखाली जेवनं चालल्यात!"

मग हळूहळू सगळ्यांच्या माना अण्णांकडं वळल्या.

अण्णांनी कागद मागून घेतला. खिशातून चष्मा काढला. कागद त्यांनी वाचला, मग सहीवर अंगठा ठेवून पुन्हा वाचला. मी दोन पावलांवर होतो. त्यांनी वर बघितलं तेव्हा सगळ्यांत आधी माझ्याकडं बघितलं. राग असता तर मला सोसला असता. ते नुसते बघत होते, नव्यानं ओळख झालेल्या माणसाकडं बघतात तसे.

"अण्णा," बसवराज म्हणाला, "हे तुमी दिलंय?"

मला तोंड होतं. जीभ होती. "मी दिलंय" म्हणायला किती वेळ लागतो?

"व्हय," अण्णा म्हणाले. "मीच दिलंय."

"का?"

"पैशाची गरज हुती."

बसवराजनं अंगातली बनियन काढली. पाठीवर 'मगदूम सायझिंग, हातमाग गल्ली' असं लिहिलेली. ती घडी घालून अण्णांच्या पायाशी ठेवली, देवळात ठेवतात तशी हळू. मग दुसऱ्यानं काढली, मग तिसऱ्यानं. उघडी पोरं एकेक करून पटांगणाबाहेर गेली. लोकांत कुणीतरी म्हणालं, "लगनाच्या भाड्यापायी पोराचा पाय इकला म्हाताऱ्यानं." अण्णांनी ते ऐकलं. कागदाची घडी घालून कोटाच्या खिशात ठेवली.

पटांगण रिकामं झाल्यावर ते शाळेच्या पायरीवर बसले. मी समोर उभा राहिलो.

"अण्णा, मी जातो. पोरांस्नी सगळं सांगतो."

"काय सांगतोस?"

"की मी केलं. तुमाला ठावंबी नव्हतं."

"बस खाली."

मी बसलो नाही. ते बोलत राहिले, सायझिंगवर कामगाराला काम समजावून सांगतात तितक्या शांतपणे.

"मालकानं इकलं म्हटलं की पोरं चार शिव्या देत्यात आन् दुसरा मालक बघत्यात. मालक असाच असतोय, हे त्यास्नी ठावं हाय. पन तू त्यास्नी खेळ शिकिवलाईस. आज तुजं नाव घेतलं तर इर्शादला उद्या काय वाटंल? की ज्यानं शिकिवलं त्यानंच. मग ते पोरगं मैदानाकडं वळूनबी बघणार न्हाई. माझ्या नावानं ओरडंल, आन् खेळंल. कळलं?"

मी रडलो. भर दिवसाउजेडी, एकेचाळीस वर्षांचा घोडा, रडलो. मला वाटलं त्यांनी मला माफ केलं.

"रडू नगंस," अण्णा म्हणाले. "आजून झालं न्हाई. उद्यापास्नं तू पोरांना खेळवायचं न्हाई. ह्या न्हाई, दुसऱ्या कुठल्या न्हाई. शिट्टी तोंडात धरायची न्हाई."

"अण्णा—"

"तुला हॉल वाचवायचा हुता न्हवं? वाचला. आता तेवढाच सांभाळ."

सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी त्याला हॉल म्हटलं. मग ते उठले, पायाशी पडलेल्या सगळ्या बनियन एकेक करून उचलून हातावर घेतल्या आणि एकटेच चालत इस्पितळाकडं गेले. इर्शादच्या आईनं त्यांना दारातच थांबवलं, हे मला नंतर कळलं.

संघ मोडला. बसवराज आणि दोघं-तिघं दुसऱ्या संघातून खेळले. इर्शाद खेळला नाही. अण्णांचा तेवढा अंदाज चुकला. त्याच्या ऑपरेशनचा खर्च अण्णांनी दुसऱ्याच्या नावानं केला, उरलेली मशिनं विकून. हॉलही दोनच वर्षं टिकला, मग एका केटरिंगवाल्यानं घेतला. अण्णा गेले तेव्हा संघातलं कुणी खांदा द्यायला आलं नाही. माझा एकच खांदा चालतो, तो मी दिला. नव्या मालकानं मला ठेवून घेतलं. पाटीवर आता पद्मावती मंगल कार्यालयच आहे, आणि दुरुस्ती करायला कुणी नाही. दुपारी हॉल रिकामा असला की मी आत थांबत नाही. बाहेर बाकावर बसतो.

गेल्या दिवाळीनंतर तिथंच बसलो होतो तेव्हा इर्शाद आला. धाकट्या बहिणीच्या निकाहसाठी हॉल बघायला. छत्तीस वर्षांचा, दाढी थोडी पिकलेली, मागांची दुरुस्ती बघणारा जॉबर आहे. एक पाय ओढत चालतो. मी आत न्यायला उठलो, तर तो म्हणाला, "बसा, धनपालदा, मला ठावं हाय आतलं." आणि एकटाच आत जाऊन आला. बराच वेळ लागला त्याला.

बाहेर आल्यावर माझ्या शेजारी बाकावर बसला. पाय लांब केला.

"एक इचारू? राग मानू नगा," तो म्हणाला. "तुमी अण्णांच्या लई जवळचं. इतकी वर्सं मनात हाय. मान्सं म्हंत्यात पैशापायी केलं. पन त्यो मानूस तसा नव्हता वो. माझ्या अब्बाच्या आजारपनात न मागता घरी येऊन पैसं देऊन गेलावता. त्यानं असं का केलं आसंल?"

माझ्या तोंडाशी आलं. खरोखर आलं, ओठापर्यंत. अण्णा नव्हते, पोरं पांगली होती, खेळ कधीच संपला होता. आता कुणाला वाचवायचं राहिलं नव्हतं, माझ्याशिवाय.

"अडचण हुती त्यांची," मी म्हणालो. "पैशाची."

इर्शादनं मान हलवली. "म्हंजे खरंच हाय म्हनायचं," तो म्हणाला, आणि गुडघ्यावर हात टेकवून सावकाश उठला.